साक्षीदाराचा पत्ता

९ फेब्रुवारी

प्रिय इर्मा आत्या,

नोकरी लागली! संस्थेचं नाव ‘नागरी मतदान परिषद’. विधिमंडळापासून दोन चौक अलीकडे, बुटांच्या एका जुन्या दुकानावर आमच्या दोन खोल्या आहेत. आम्ही सहाजण. लोकांचा मतदानावरचा विश्वास का उडत चाललाय ते शोधायचं आणि कायदा कुठे दुरुस्त करायला हवा ते आमदारांपुढे मांडायचं, एवढंच काम. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे इर्माचंच काम, पण बुटांना चिखल न लागता.”

माझ्या टेबलावर तू काढलेला तो फोटो आहे. मी सात वर्षांची, ऑटर फोर्कच्या टाउन हॉलच्या दारात, हातात ‘मी मत दिलं’च्या स्टिकरांचा रोल. तू आत टेबलाशी बसून याद्या तपासत होतीस आणि मी येणाऱ्या प्रत्येकाच्या कोटावर स्टिकर चिकटवत होते. आपल्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली, असं तू सगळ्यांना सांगत फिरतेस. पण त्या शिक्षणाचं पुढे काय करायचं हे मला त्या दारातच कळलं होतं.

आता कामाचं. आपल्या राज्यात टपालाने मत पाठवायचं तर पाकिटावर साक्षीदाराची सही आणि पत्ता लागतो. पत्ता राहिला म्हणून दर निवडणुकीत शेकडो मतं बाद होतात. मी गावागावांचे आकडे काढले. ऑटर फोर्कमध्ये अकरा वर्षांत असं एकही मत बाद झालेलं नाही. एकही नाही, आत्या! ऑफिसात सगळे विचारतायत, तिथली निवडणुकीचं काम बघणारी क्लार्क नेमकं करते तरी काय? मी म्हटलं, थांबा, ती माझी आत्याच आहे.

तुझी,
मार्नी


२० फेब्रुवारी

मार्नी पोरी,

पाठीमागे छापलंय ते वाचत बसू नकोस. मागच्या ऑगस्टची नमुना मतपत्रिका आहे. छापखाना दर वेळी शंभर जास्त पाठवतो आणि मागची बाजू अगदी कोरी असते. एकतीस वर्षांत मी पत्रासाठी वेगळा कागद वापरलेला नाही.

अभिनंदन! तुझ्या नोकरीची बातमी हॉलमध्ये सांगितली तेव्हा डेल क्रुगर म्हणाला, “राजधानीत गेली? मग आता आपल्यालाच शिकवेल.” मी म्हटलं, “शिकवू दे. तुला कोणीतरी शिकवायलाच हवं.” तो रोज दहाला कॉफी प्यायला येतो आणि वेलचीचा पाव संपेपर्यंत उठत नाही, हे तुला माहीतच आहे.

तुझ्या ऑफिसातल्या हुशार मंडळींना सांग, यात जादू काही नाही. आपले लोक पत्ता लिहितात, पण आपल्या पद्धतीने. इथे कुणाला घराचा नंबर विचार, तो बाहेर जाऊन रस्त्यावरची हिरवी पाटी वाचून येईल. त्या पाट्या आगीच्या बंबासाठी लावल्यात, माणसांना त्यांची काय गरज? मग साक्षीदाराच्या चौकटीत काय काय येतं ते ऐक. ‘पलीकडचं घर.’ ‘चर्च गेलं की निळी टपालपेटी.’ डेलची साक्षीदार त्याची बायको. तिने पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, ‘ह्याच्याच घरात, दुर्दैवाने.’ तळ्याकाठच्या हिल्याकडे दिवसभरात टपाल घेऊन येणाऱ्या बॉनीशिवाय दुसरं माणूस फिरकत नाही. तेव्हा हिल्याची साक्षीदार बॉनी, आणि बॉनीचा पत्ता ‘टपालाची गाडी’.

मग मी लाल पेन काढते, खरा पत्ता लिहिते आणि शेजारी माझी आद्याक्षरं घालते. इर्माने लपूनछपून केलं असं कोणी म्हणू नये, म्हणून लाल. चारशे बारा मतदार आहेत, सगळ्यांचे नंबर मला पाठ आहेत. हिल्या एक्याण्णव वर्षांची आहे, एकही निवडणूक चुकवलेली नाही. बॉनीला हिरवी पाटी वाचायचा कंटाळा आला म्हणून हिल्याचं मत फेकून द्यायचं? हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय ते मला दाखव.

स्वेटर घालत जा. बापाला अधूनमधून फोन कर. त्याची पाठ पुन्हा धरली आहे, पण तो सांगणार नाही.

आत्या


१४ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. ‘ह्याच्याच घरात, दुर्दैवाने’ला तर आमच्या संचालक बाई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तू लिहिलंस त्यातून मला किती समजलं ते सांगता येणार नाही.

गेल्या आठवड्यात निवडणूक समितीपुढे आमच्या संस्थेची सुनावणी झाली. मलाही पाच मिनिटं बोलू दिलं. आकडेवारी वगैरेच होती, तुला कंटाळा आला असता. मी तू दिलेला निळा कोट घातला होता.

आमचं म्हणणं साधं आहे. पाकिटात काही राहिलं असेल तर मतदाराला कळवावं, चूक सुधारायला दहा दिवस द्यावेत, आणि हा नियम सगळ्या गावांना सारखाच असावा. एका गावात मत वाचतं आणि शेजारच्या गावात तशाच चुकीसाठी बाद होतं, हे बरोबर नाही ना? समितीतले दोघं-तिघं मान हलवत होते. मला वाटतं यातून खरंच काहीतरी होईल.

बाबांना फोन केला. पाठ ठीक आहे म्हणाले.

तुझी,
मार्नी


३ मे

मार्नी,

पत्र मिळालं. तळ्यावरचा बर्फ गेला. समितीच्या बैठकीत कोण काय बोललं त्याचे छापील कागद डेलने आणून दिले. बेचाळीस पानं आहेत. वाचतेय. अक्षर हल्ली नीट दिसत नाही.

इर्मा निएमी


२० मे

प्रिय आत्या,

डोळे तपासून घे, हयगय करू नकोस. मोतीबिंदू असला तर वेळेवर कळलेला बरा. बाबा तुला गाडीने घेऊन जातील, मी त्यांना सांगितलंय.

ते सगळे कागद वाचायची तुला काही गरज नाही. पुष्कळसं तांत्रिक आहे, आणि बोलण्याच्या ओघात माणूस जे बोलतो ते कागदावर वेगळंच दिसतं. पण डेल समितीचं कामकाज वाचतो हे ऐकून बरं वाटलं. लोकांनी रस घ्यावा, हेच तर आम्हाला हवंय.

तू सही करताना पूर्ण नाव का लिहिलंस? मला हसू आलं.

तुझी,
मार्नी


ऑटर फोर्क टाउन क्लार्कचे कार्यालय
८ जुलै

श्रीमती मार्नी निएमी,
नागरी मतदान परिषद, यांस

आपल्या संस्थेने राज्यातील सर्व क्लार्कांना पाठवलेले २६ जूनचे पत्र मिळाले. त्यावर आपली छापील सही आहे. विचारलेली माहिती खाली देत आहे.

गेल्या पाच निवडणुकांत आलेली टपाली मते: तीनशे सात.

साक्षीदाराचा पत्ता अपुरा असलेली पाकिटे: एकसष्ट.

त्यांपैकी क्लार्कने पत्ता स्वतः लिहिलेली: एकसष्ट. सर्वांवर लाल शाई व आद्याक्षरे आहेत. कार्यालयीन वेळेत येऊन पाहता येतील.

असे करण्याचा अधिकार कोणी दिला: कोणीही नाही.

समितीपुढील आपल्या निवेदनात पृष्ठ सतरावर असे वाक्य आहे: ‘उत्तरेकडच्या एका छोट्या गावात एक प्रेमळ, वयस्कर क्लार्क लाल पेनाने मतदारांची पाकिटे स्वतःच पूर्ण करते. तिचा हेतू शुद्ध आहे. पण मतदान कुणाच्या हेतूवर चालावे का?’ यातील ‘वयस्कर’ हा शब्द नोंदीनुसार बरोबर आहे.

आपण त्या गावाचे नाव घेतले नाही. उत्तरेकडे लाल पेन वापरणारी क्लार्क एकच आहे, हे कदाचित आपल्या लक्षात आले नसावे. डेल क्रुगर यांच्या मात्र आले.

कळावे,
इर्मा निएमी
टाउन क्लार्क


१५ जुलै

आत्या,

तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. हे पाठवतेच.

तुला विचारायला हवं होतं. तू मार्नीला पत्र लिहिलं होतंस, परिषदेला नाही. मी ते सरळ समितीपुढे नेलं. नाव काढून टाकलं की झालं, असं मला वाटलं होतं. तुझी बदनामी करावी असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं, उलट मला दाखवायचं होतं की तुझ्यासारखी माणसं नियम नसताना लोकांची मतं वाचवतात, तेव्हा आता नियमच चांगला करू या. म्हणून मी ‘प्रेमळ’ म्हटलं. ‘वयस्कर’ का म्हटलं ते खरंच माहीत नाही.

आता जे सांगायचंय ते तुला वर्तमानपत्रात वाचायला लागू नये. कायदा झाला, पण अर्धाच. क्लार्कने पाकिटावर एक अक्षरही लिहायचं नाही, एवढा भाग मंजूर झाला. मतदाराला कळवायचं, दहा दिवस द्यायचे, तो भाग शेवटच्या दिवशी गळला. आमच्या संचालक बाई म्हणतात, पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न करू. नोव्हेंबरपासून लागू आहे.

बाबांकडून कळलं, हॉलबाहेर कोणीतरी गाडी लावून तुझे फोटो काढत होतं. हे खरं आहे का? त्या छापील पत्रावरची सही मी केली नव्हती, ती सगळ्याच पत्रांवर यंत्राने छापली जाते. पण मी ती थांबवूही शकले असते. तेही केलं नाही.

मार्नी


३० सप्टेंबर

आत्या,

उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा लिहितेय. तुला राग यायलाच हवा. पण निदान एवढं सांग, हिल्या आजींना आणि बाकीच्यांना नवा नियम माहीत आहे का? मी पत्रकं छापून घेतली आहेत, मोठ्या अक्षरांत. दोनशे पाठवतेय. नको असतील तर मागची बाजू कोरी आहे.

मार्नी


१९ नोव्हेंबर

मार्नी,

तुझी पत्रकं वाटली. प्रत्येक टपाली मतपत्रिकेसोबत एकेक घातलं, तेव्हा तुझ्यामुळे काही राहिलं असं मनात आणू नकोस. लोक पत्रकं वाचत नाहीत. तीसएक वर्षं वाचायची गरजच पडली नाही, कारण माझ्याकडे लाल पेन होता.

चौदा पाकिटं अपुरी आली. मी प्रत्येकाला फोन केला. पाकीट परत द्यायला मला बंदी, पण हॉलमध्ये येऊन माझ्यासमोर चूक सुधारली तर चालतं, असं काउंटी कचेरीच्या वकिलाने फोनवर सांगितलं. लेखी द्या म्हटलं तर हो-नाही करत राहिला. अकराजण आले. बर्फ पडत होता तरी आले. कुणी हसत, कुणी मला शिव्या देत. डेल बायकोला घेऊन आला. तिने खाली मान घालून नंबर लिहिला, या वेळी विनोद नाही. मग तो टेबलाशी थांबला.

“इर्मा, एक विचारू? याआधी माझ्या पाकिटावरही तू लिहिलं होतंस?”

“दोनदा.”

“आणखी काही नाही ना केलंस? आतमध्ये वगैरे?”

मार्नी, हा माणूस एकवीस वर्षं रोज माझ्यासमोर बसून कॉफी पितो. मी हातातला पेन खाली ठेवला. तो म्हणाला, “तसं नाही गं, लोक विचारतात म्हणून.” मी विचारलं, “कुठले लोक?” त्याने टोपी घातली आणि गेला. त्यानंतर तो कॉफीला आलेला नाही. पाव उरतो.

तिघं आले नाहीत. दोघांचं जाऊ दे. तिसरं पाकीट हिल्याचं. तिची तब्येत इतकी बिघडली होती की खाटेवरून उठवत नव्हतं. बॉनीला फोन केला, तर नेमकी ती सुट्टीवर, लेकीच्या बाळंतपणाला दोन राज्यं पलीकडे. म्हणाली, “इर्मा, माझा पत्ता तुला माहितेय. लिहून टाक ना.” मी म्हटलं, “मला लिहिता येत नाही.” ती म्हणाली, “असं कसं, तुला लिहिता येत नाही?”

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता पेटी बंद झाली. मोजणीच्या आधी दोन्ही पक्षांची माणसं समोर उभी होती आणि मी हिल्याच्या पाकिटावर ‘बाद’ असा शिक्का मारला. ‘टपालाची गाडी’ या शब्दांवर. बॉनीच्या घराचा नंबर चारशे सतरा. मला तो आत्ताही पाठ आहे.

तुला हे दुःख द्यायला लिहीत नाहीये. दुसऱ्या कुणाला सांगू ते सुचत नाही, एवढंच.

इर्मा


२ डिसेंबर

आत्या,

थँक्सगिव्हिंगच्या सणाला घरी आले होते. तुझी खुर्ची रिकामी होती. बाबा म्हणाले, “इर्माला सर्दी झालीय.” आणि टर्की कापत राहिले. ते कसे खोटं बोलतात ते तुला माहीतच आहे, कानाच्या पाळ्या लाल होतात.

जेवण झाल्यावर मी तुझ्या घरापर्यंत चालत आले. वाफ घ्यायच्या तुझ्या सॉनाच्या धुराड्यातून धूर येत होता, म्हणजे तू घरीच होतीस. मी टपालपेटीपाशी उभी राहिले, बोटं बधिर होईपर्यंत. दार वाजवायचं धाडस झालं नाही. मग परत फिरले. समितीपुढे बोलायला मला धीर होता, तुझ्या दारात मात्र नव्हता.

हिल्या आजींना मी पत्र लिहू का? काय लिहू? मी त्यांचं मत वाचवण्यासाठी काम करतेय, असंच मी सगळ्यांना सांगायचे.

कधीकधी वाटतं, नोकरी सोडावी. मग वाटतं, अर्धा कायदा तसाच टाकून जायचं का? माझं चुकलं. पण आत्या, मला अजूनही वाटतं की नियम सगळ्यांना सारखा हवा. हे तुला लिहायला नको होतं कदाचित. पण खोटं लिहिलं तर तुला कळेलच.

मार्नी


१६ जानेवारी

मार्नी,

हा कागद दुकानातून आणलाय. नमुना मतपत्रिकांचा गठ्ठा मी काउंटीला परत केला. एप्रिलमध्ये क्लार्कची निवडणूक आहे आणि मी अर्ज भरलेला नाही. डेलची सून ट्रेसी उभी आहे. मुलगी बरी आहे, हिशेबी आहे. नंबर पाठ नाहीत तिला, ते बरंच आहे.

हिल्या गेली, नाताळाच्या चार दिवस आधी. तुझं पत्र तिला मिळालं होतं, बॉनीने वाचून दाखवलं. आपलं मत मोजलं गेलं नाही हे तिला त्या पत्रातून कळलं. मी सांगितलं नव्हतं. बॉनी म्हणते, ऐकून ती म्हणाली, “मग या वेळी कोण निवडून आलं असतं?” बॉनी म्हणाली, “आजी, एका मताने काही फरक पडला नसता.” हिल्या म्हणाली, “तसं असतं तर इर्मा इतकी वर्षं कशाला धडपडली असती?”

मी तुझ्यावर रागावले होते. सहा महिने. कपबशी विसळतानासुद्धा रागावलेली असायचे. माझ्या पोरीने मला विकलं, असं मी तुझ्या बापाला, रॉयला म्हणाले. तो तुझ्या बाजूने एक शब्द बोलला नाही आणि माझ्याही बाजूने बोलला नाही. नुसती लाकडं फोडत राहिला.

आता जे लिहिणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू विचारलं होतंस, अकरा वर्षांत एकही मत बाद कसं नाही? खरं सांगू, मी ते पत्र वाचून आधी घाबरले. हिने अकराच वर्षं का मोजली? मग लक्षात आलं, जुन्या नोंदी संगणकावर नाहीत, तुला त्याआधीचं दिसलंच नसणार. म्हणून मी तुला ते विनोद लिहून पाठवले.

बाराव्या वर्षी एक आहे. वेन्डल क्रुगरचं, डेलच्या मोठ्या भावाचं. त्या उन्हाळ्यात त्याने माझ्या कुत्र्याला, मुस्टीला गोळी घालून मारलं होतं. कोंबड्यांच्या मागे लागला होता म्हणे. तुला मुस्टी आठवत असेल, काळा होता, एक कान पांढरा. नोव्हेंबरमध्ये वेन्डलचं पाकीट आलं. पत्त्याच्या जागी ‘भावाकडे’. डेलच्या घराचा नंबर दोनशे ऐंशी. मला पाठ होता. लाल पेन हातात होता. त्याच दिवशी मी दुसरी सहा पाकिटं पूर्ण केली आणि वेन्डलचं बाजूला ठेवलं. नियमाप्रमाणे बाद. कुणी विचारलं नाही, कारण कुणाला दिसलंच नाही.

मी लिहिलेला एकही पत्ता कधी चुकीचा नव्हता. पण कुणाचा लिहायचा आणि कुणाचा नाही हे मी ठरवत होते, एकटी, कॉफी पिता पिता. तू पृष्ठ सतरावर विचारलेलं वाक्य मी इतक्या वेळा वाचलं की आता पाठ झालंय. ते वाक्य बरोबर आहे. तू मला विचारून म्हणायला हवं होतंस. आणि तू विचारण्याआधी मी सांगायला हवं होतं.

आत्या


४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र कुणालाही दाखवलेलं नाही. या वेळी टेबलाच्या खणात कुलूप लावून ठेवलंय. वेन्डलबद्दल मी कधीच कुणाला सांगणार नाही.

हिल्या आजींनी काय विचारलं ते मी वहीत लिहून ठेवलंय. दहा दिवसांच्या मुदतीचं विधेयक पुन्हा मांडलं गेलंय. समितीपुढे मला परत बोलावलं आहे. मी संचालक बाईंना सांगितलं, या वेळी मी कुणाचंही उदाहरण देणार नाही. त्या म्हणाल्या, उदाहरणाशिवाय कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, मग माझंच देते. एका मुलीने अर्धवट गोष्ट सांगितली आणि एका म्हातारीचं शेवटचं मत गेलं, असं.

विधेयक या वर्षीही अडेल असं सगळे म्हणतायत.

मला घरी यावंसं वाटतंय. पण तू बोलावल्याशिवाय येणार नाही.

मार्नी


१८ मार्च

मार्नी पोरी,

अक्षर वाकडं आहे कारण पडून लिहितेय. हॉलच्या पायरीवर बर्फावरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. रॉय दोन वेळचं जेवण आणून देतो आणि स्वतःची पाठ धरून बसतो. बघण्यासारखं दृश्य आहे. तू काळजी करू नकोस.

वेन्डल भेटायला आला होता. मासे घेऊन. मला उठून पळता येत नव्हतं, तेव्हा म्हटलं, आजच. सगळं सांगितलं, मुस्टीपासून. तो टोपी फिरवत राहिला. मग म्हणाला, “त्या वर्षी क्लार्कची निवडणूकही नोव्हेंबरातच होती की, एप्रिलातली पुढे ढकलली होती म्हणून. तुझ्याच नावापुढे खूण केली होती मी.”

मला रडू यायला लागलं तेव्हा म्हणाला, “रडू नकोस. दुसरं कोणी उभंच नव्हतं.”

मग जाताना म्हणाला, “कुत्रा चांगला होता तुझा.” बारा वर्षांनी. तेव्हा आता तू ते कुलूप काढलंस तरी चालेल. समितीला सांगायचं असेल तर सांग, नावासकट. हे मी तू विचारल्यावर नाही, स्वतःहून सांगतेय.

आता मुद्द्याचं. मला हॉलपर्यंत जाता येणार नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा टपालाने मत देणार आहे. मतपत्रिका आलीय, उशाशी ठेवलीय. साक्षीदार लागतो. बॉनी हो म्हणाली, पण मी तिला थांब म्हटलं. डेल परवा दारात उभा होता, म्हणाला, “मी करू का सही? पत्ता पाठ केलाय.” मी त्याला कॉफी दिली, पण सही नको म्हटलं.

नियम तुला माहीतच आहे, पण क्लार्क म्हणून अजून पंधरा दिवस मला तो सांगायचा अधिकार आहे. मतपत्रिका कोरी आहे हे साक्षीदाराने डोळ्यांनी पाहायचं. मग मी खूण करेपर्यंत तोंड फिरवायचं. मग माझ्यासमोर सही करायची. हे पत्राने होत नाही. समोर येऊन बसावं लागतं.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारच्या आत ये. तुझ्या त्या बुटांच्या दुकानावरच्या खोल्यांचा पत्ता मला माहीत आहे, तू राहतेस त्या घराचाही. पण मी लिहिणार नाही. तो तुझा तूच लिही.

आणि येताना पेन घेऊन ये. माझ्याकडे आहेत ते सगळे लाल आहेत.

आत्या